मागचे ब्रेक लवकर का झिजतात?

पुण्याहून निघालेला राष्ट्रीय महामार्ग सोलापूर आणि उमरगा मागे टाकून कर्नाटकाच्या हद्दीत शिरला, की प्रथम बसवकल्याणचा फाटा लागतो आणि पुढे हुमनाबादच्या अलीकडे राजेश्वर हे गाव येते. पूर्वी या रस्त्याचा क्रमांक ९ होता. आता तो ६५ झाला आहे. क्रमांक बदलला तरी रस्त्याचा स्वभाव बदललेला नाही. हैदराबादकडे जाणारे मालट्रक, कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या, कलबुर्गीच्या बाजारात तूर नेणाऱ्या जीपगाड्या आणि लग्नाच्या वऱ्हाडाने खच्चून भरलेल्या मोटारी या सर्वांची येथे अखंड ये-जा असते. बिदर जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, १९५६ मध्ये तो म्हैसूर राज्यात आला आणि १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. त्यामुळे या पट्ट्यातील मोटार-दुरुस्तीच्या दुकानात मराठी, कन्नड आणि दखनी या तिन्ही भाषा एकाच वाक्यात नांदताना ऐकू येतात. मोटारमालक कानडी मुलखाच्या रीतीने ‘सावकार’ असतो आणि मुख्य कारागीर ‘उस्ताद’.

अशा एखाद्या दुकानात वरचेवर घडणारी गोष्ट डोळ्यांपुढे आणावी. तुरीचा लहानसा व्यापार करणारे एक सावकार आपली मोटार घेऊन येतात. मागच्या चाकातून घासल्याचा कर्कश आवाज येत असतो. उस्ताद ड्रम काढतात आणि म्हणतात, “सावकार, लायनर संपले की! नुसता पत्रा राहिला.” सावकार चकित होतात. “असे कसे, उस्ताद? मागच्या वर्षीच तर नवे टाकले होते. पुढचे पॅड अजून धड आहेत म्हणता, मग मागचेच कसे जातात?” बहुतेक दुकानांत या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, मिळतात ते नवे लायनर. पैसे दिले जातात, गाडी रस्त्याला लागते आणि दहा-बारा महिन्यांनी तीच गाडी, तोच आवाज आणि तोच प्रश्न पुन्हा त्याच दारात उभा राहतो. झिजलेला भाग बदलणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. ताप उतरवण्याची गोळी देऊन हिवताप बरा झाला असे समजण्यासारखेच ते आहे.

सावकारांचा प्रश्न मात्र अगदी बिनतोड आहे. मोटारीच्या चार ब्रेकांपैकी पुढच्या दोघांनी आधी झिजावे आणि मागच्या दोघांनी नंतर, हा निसर्गक्रम आहे. त्याचे कारण कळले, की तो क्रम उलटला तर शोध कोठून सुरू करावा हेही कळते.

ब्रेक गाडीची गती नाहीशी करीत नाही; तो गतीचे उष्णतेत रूपांतर करतो. १२०० किलो वजनाची मोटार ताशी ८० किलोमीटर वेगाने जात असता तिच्या अंगी सुमारे तीन लाख ज्यूल इतकी ऊर्जा असते. ती एकदा पूर्ण थांबवली, तर त्या उष्णतेने एक लिटर गार पाणी उकळीपर्यंत तापू शकेल. प्रत्येक वेळी थांबताना एवढी उष्णता चार चाकांच्या ब्रेकांनी गिळायची आणि वाऱ्यावर सोडून द्यायची असते. पण हा भार चौघांत सारखा वाटला जात नाही. ब्रेक दाबताच गाडीचे नाक खाली जाते आणि शेपूट उचलली जाते, हा प्रत्येकाच्या अनुभवाचा भाग आहे. याच १२०० किलोच्या गाडीत ७०० किलो पुढच्या चाकांवर आणि ५०० किलो मागच्या चाकांवर आहेत असे धरावे. गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटर उंचीवर आणि दोन आसांमधले अंतर अडीच मीटर धरले, तर जोरात ब्रेक मारताच सुमारे १६० किलोंचा भार मागच्या चाकांवरून पुढच्या चाकांवर सरकतो. पुढे होतात ८६०, मागे उरतात केवळ ३४०. ज्या चाकावर भार अधिक, त्याची रस्त्यावरील पकड अधिक. म्हणून थांबवण्याचे काम बहुतांशी पुढच्या चाकांकडून करून घ्यावे लागते. याकरिता पुढे मोठ्या डिस्क आणि मागे लहान ड्रम अशी योजना आपल्याकडील बहुसंख्य लहान मोटारींत आढळते. पुढच्या पॅडांच्या दोन जोड्या झिजून जाईपर्यंत मागचे लायनर पुरावेत, ही अपेक्षा म्हणूनच अवाजवी नाही.

गंमत अशी, की मोटारीच्या बाल्यावस्थेत ब्रेक असत ते मागच्याच चाकांना. पुढची चाके वळवायची असल्यामुळे त्यांना ब्रेक जोडण्याचे कौशल्य साधले नव्हते. लुई रेनॉ या फ्रेंच यंत्रज्ञाने १९०२ मध्ये आतून पसरणाऱ्या शूंचा ड्रम ब्रेक तयार केला आणि त्याच वर्षी इंग्लंडात फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. पुढे १९२१ च्या सुमारास अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग मोटारीत चारही चाकांना तेलाच्या दाबाने चालणारे ब्रेक आले. बंदिस्त द्रवावर एके ठिकाणी दिलेला दाब सर्वत्र सारखा पोहोचतो, हा सतराव्या शतकातील पास्कल यांचा सिद्धांत तेव्हापासून रोज कोट्यवधी माणसांच्या पायाखाली राबतो आहे. आपल्याकडे अँबॅसिडर आणि पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली गेलेली फियाट या गाड्यांना दीर्घकाळ चारही चाकांना ड्रमच होते. त्या काळच्या चालकाला दर काही हजार किलोमीटरांनी ब्रेक ‘सेट’ करून घेण्याची सवय असे. स्वयंचलित जुळणी आली, ती सवय गेली, आणि ड्रमच्या आत काय चालले आहे याची चौकशीही थांबली.

आता तपासाकडे वळावयाचे. पहिला प्रश्न असा विचारला पाहिजे, की ही झीज खरोखरच अकाली आहे काय? कारण अलीकडच्या काही मोटारींत मागच्या ब्रेकांनी आधी झिजणे हा दोष राहिलेला नाही. भारतात २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना चाके जाम होऊ न देणारी एबीएस ही यंत्रणा अनिवार्य झाली. तिच्याबरोबर प्रत्येक आसाला किती दाब द्यावा हे ठरवणारी इलेक्ट्रॉनिक योजनाही येते. पूर्वी मागची चाके घसरतील या भीतीने त्यांना हात राखून दाब दिला जाई. आता घसरण क्षणार्धात ओळखता येते, म्हणून हलक्या ब्रेकिंगमध्ये मागच्या चाकांना अधिक काम देणे शक्य झाले आहे. गाडी वळणावर घसरू नये म्हणून, किंवा चढावर मागे सरू नये म्हणून, चालकाच्या नकळत ब्रेक लावणाऱ्या व्यवस्थाही आल्या आहेत. अशा गाडीला मागे डिस्क असतील तर तिथले पॅड मुळातच पुढच्यांपेक्षा पातळ असतात. त्यांचे आयुष्य पुढच्यांइतके किंवा थोडे कमी भरले, तर त्यात आश्चर्य नाही. पण ज्या साध्या ड्रमच्या गाडीत मागचे लायनर वीस हजार किलोमीटरांत संपतात आणि नवे घातल्यावर पुन्हा तेवढ्याच अंतरात संपतात, तिथे रोग आहे हे निश्चित समजावे.

जाणता कारागीर हातात पान्हा घेण्यापूर्वी झिजलेले तुकडे जमिनीवर मांडून पाहतो. भंगारात फेकले जाणारे ते लायनर खरे साक्षीदार असतात. डाव्या आणि उजव्या चाकाची झीज सारखी आहे काय, हे प्रथम पाहावे. एकाच चाकाची झीज जास्त असेल तर दोष त्या चाकापाशीच आहे. दोन्हीकडे सारखी असेल तर दोघांना समाईक असलेल्या गोष्टीकडे, म्हणजे हँडब्रेकची मुख्य तार, दाबाची वाटणी करणारा व्हॉल्व्ह, गाडीवरचा भार किंवा चालकाची सवय यांकडे, संशयाची सुई वळते. ड्रममधील दोन शूंपैकी चाकाच्या फिरण्याच्या दिशेने ड्रमबरोबर ओढला जाणारा शू दुसऱ्याहून थोडा अधिक झिजतो. तेवढा फरक स्वाभाविक होय. मात्र दोन्ही शू सारखेच उडालेले असून ड्रमच्या आतल्या अंगाला निळसर-जांभळी झाक आली असेल, तर ब्रेक सुटतच नव्हता आणि ड्रम सतत तापत होता, असे अनुमान निघते. मागे डिस्क असल्यास आतला व बाहेरचा पॅड शेजारी ठेवावेत. आतला पुष्कळ झिजला आणि बाहेरचा तसाच राहिला, तर कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या पिना गंजून घट्ट बसल्या आहेत, किंवा पिस्टन मागे जात नाही. पॅड पाचरीसारखा तिरका झिजला असेल, तर तो आपल्या खाचेत अडकून बसला आहे. लायनर तेलाने ओला दिसला, तर व्हील सिलिंडरचे किंवा आसाचे सील गेले आहे. मग लायनर पुसून पुन्हा बसवण्यात अर्थ नाही, कारण मुरलेले तेल निघत नाही.

यानंतरची परीक्षा रस्त्यावरची. ब्रेकचा कमीत कमी वापर करीत आठ-दहा किलोमीटर गाडी चालवावी, शेवटी ती आपोआप मंदावू द्यावी आणि उतरून चारही चाकांजवळ हात न्यावा. हात चाकाला किंवा ड्रमला लावू नये. तापलेला ड्रम कातडी सोलून काढील. हाताची पाठ तीन-चार बोटांच्या अंतरावर धरली तरी उष्णतेतला फरक कळतो. आता लांबून तापमान दाखवणारे छोटे उपकरण बऱ्याच दुकानांत असते; त्याने डाव्या-उजव्या चाकांचे आकडे ताडून पाहता येतात. एक चाक दुसऱ्याहून फारच तापलेले आढळले, तर अर्धा तपास तिथेच संपला. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतण्याची मात्र काहींना खोड असते. ओतीव लोखंड अशाने तडकते.

मग गाडी सपाट जागी उभी करून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत, गिअर टाकावा, हँडब्रेक पूर्ण सोडावा आणि मागची बाजू जॅकने उचलून घोडीवर ठेवावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात घालणे हे धाडस नसून अविचार आहे. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीचे मागचे चाक हाताने सहज फिरले पाहिजे; थोडी घासट ऐकू आली तरी चालेल. ते घट्ट असेल, तर खरा प्रश्न असा, की त्याला धरून कोण बसले आहे, तेलाचा दाब की एखादा यांत्रिक भाग? याचा निवाडा एका कृतीने होतो. त्या चाकाचा ब्लीडर निपल अर्धा फेरा ढिला करावा. तेलाची चिळकांडी उडून चाक मोकळे झाले, तर दाब अडकून पडला होता. तेल साधेपणाने ओघळले आणि चाक तसेच घट्ट राहिले, तर दोष हँडब्रेकच्या तारेत, शूंच्या जुळणीत, स्प्रिंगांत किंवा जाम झालेल्या पिस्टनमध्ये आहे.

आपल्या सावकारांच्या गाडीवर ही परीक्षा झाली असे समजू. मागची दोन्ही चाके घट्ट होती, त्यातही डावे अधिक. निपल ढिला केला, तरी चाके सुटली नाहीत. म्हणजे तेल निर्दोष ठरले. मग उस्तादांनी आत बसून हँडब्रेकच्या दांड्याखालचे नट उलट फिरवून तार सैल केली. तत्क्षणी उजवे चाक मोकळे झाले, डावे मात्र जसेच्या तसे राहिले. येथे दोन दोष एकमेकांच्या आड दडलेले होते आणि दोन्ही वेगवेगळे समजून घेण्याजोगे आहेत.

उजव्या चाकाचा दोष माणसाने निर्माण केलेला होता. वर्षापूर्वी हँडब्रेक फार वर येऊ लागला, म्हणून कोणीतरी खालून तार आवळून दिली होती. काम दोन मिनिटांचे आणि गिऱ्हाईक खूश! पण हँडब्रेक वर येतो तो बहुधा तार ताणली गेल्यामुळे नव्हे. लायनर झिजून शू आणि ड्रम यांतील अंतर वाढल्यामुळे तो वर येतो. ते अंतर ड्रममधील जुळणीनेच भरून काढले पाहिजे. तार आवळली की ड्रममधली हँडब्रेकची पट्टी आपल्या विश्रांतीच्या जागेवर परतत नाही; ती शूंना सदैव किंचित बाहेर रेटत राहते. त्यातून स्वयंचलित जुळणीचे कार्यही बंद पडते, कारण ती पट्टी पूर्ण मागे गेली तरच जुळणीचा दाता पुढे सरकतो. म्हणून आधी तार पूर्ण सैल करावी, मग शू जुळवावेत, ब्रेकचा पेडल काही वेळा दाबून शू मध्यावर बसू द्यावेत आणि सर्वांत शेवटी तार ताणावी. हाच क्रम बरोबर. हँडब्रेक आणि पिस्टन एकाच कॅलिपरमध्ये असणाऱ्या डिस्क ब्रेकांनाही हेच लागू आहे. तिथली लहान तरफ आपल्या टेकूवर येऊन टेकते की नाही, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे.

डाव्या चाकाचा दोष निसर्गाचा होता. हँडब्रेकची तार ज्या आवरणातून जाते, ते चाकाजवळ दगड लागून फाटले होते. बिदरचे पठार जांभ्या दगडाचे. उन्हाळ्यात त्याची तांबडी धूळ प्रत्येक फटीत शिरते आणि पावसाळ्यात तिचा लगदा होतो. पाणी आत गेले, तारेवर गंज चढला आणि तार ओढली जाई पण परत जाईना. इथे एक फसवणूक होते, तिच्याकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. चालकासमोरील तांबडा दिवा विझला म्हणजे हँडब्रेक सुटला, असा सर्वत्र समज आहे. तो दिवा दांड्याच्या बुडाशी असलेल्या बटनावर चालतो. दांडा खाली आला एवढेच तो सांगतो. चाकातला शू ड्रमपासून सुटला की नाही, याची त्याला वार्ता नसते. सावकार वर्षभर विझलेल्या दिव्यावर विश्वास ठेवून ब्रेक लावलेली गाडी हाकत होते, आणि जादा पेट्रोल व लायनर या दोन्हींची किंमत मोजत होते. अशा तारेला तेल पाजून वेळ मारून नेता येते, पण फाटक्या आवरणात पाणी पुन्हा जाणारच. ती बदलणे हाच उपाय.

निपल ढिला करताच चाक सुटले असते, तर तपासाने वेगळी वाट धरली असती. चासीवरून चाकाकडे जाणारी रबरी नळी बाहेरून धड दिसते, पण आतून तिचा पापुद्रा सुटतो आणि झडपेसारखा वागू लागतो. पायाचा जोरकस दाब पुढे जातो, परतीचा दुबळा प्रवाह अडतो. लोखंडी नळी जिथे रबरी नळीला मिळते तिथला सांधा ढिला करून पाहावा. तरीही चाक घट्टच राहिले तर रबरी नळी दोषी, सुटले तर दोष मागे मास्टर सिलिंडरच्या बाजूला. तिकडचा दोष असेल, तर सहसा एकच चाक नव्हे, अधिक चाके धरून बसतात. पेडल आणि मास्टर सिलिंडर यांत जो अगदी थोडा मोकळेपणा असावा लागतो तो उरला नसेल, तर तेलाची परतीची वाट झाकलेली राहते. तेल तापून प्रसरण पावते आणि जसजसे अंतर कापावे तसतसा ब्रेक घट्ट होत जातो. ब्रेक तेलाच्या डबीत चुकून इंजिनचे तेल ओतले गेले, किंवा रबरी वॉशर रॉकेलने अथवा डिझेलने धुतले गेले, तरी परिणाम असाच होतो, कारण खनिज तेलाने हे रबर फुगते. ब्रेकचे रबर ब्रेकच्याच तेलाने धुवावे आणि कॅलिपरच्या पिनांना ब्रेककरिता असलेले खास ग्रीसच लावावे. चाकाच्या बेअरिंगचा डबा जवळ आहे म्हणून त्यातले बोट भरून लावणे हे खेड्यातल्या दुकानांतूनच होते असे नाही, शहरातही होते.

सर्वांत चकवणारे कारण मात्र मागे नसून पुढे असते, आणि तेच फार थोडे लोक शोधतात. सावकारांनी “पुढचे पॅड धड आहेत” असे समाधानाने म्हटले होते. ते किती धड आहेत, हा प्रश्न उस्तादांनी विचारायला हवा. चाळीस-पन्नास हजार किलोमीटर धावूनही पुढचे पॅड जवळजवळ नव्यासारखे जाड असतील, तर ते समाधानाचे नव्हे, काळजीचे लक्षण आहे. पुढचे पिस्टन जाम झाले असतील, पिना अडकल्या असतील, किंवा कोणी स्वस्तातले दगडासारखे कठीण पॅड बसवले असतील. पुढच्यांनी काम टाकले म्हणून ते सारे मागच्यांवर पडते. अशा गाडीचे मागचे लायनर कितीही वेळा बदलले, तरी ते झिजतच राहणार. म्हणून मागची तक्रार असली तरी पुढची चाके उघडून पाहिल्याशिवाय तपास पुरा झाला असे मानू नये.

भाराचाही विचार केला पाहिजे. सावकारांच्या गाडीच्या डिकीत तुरीची दोन-तीन पोती आणि मागच्या बाकावर चार माणसे, हे चित्र या भागात नित्याचे. काही व्हॅन आणि मालवाहू गाड्यांत मागच्या आसाला सळईने जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो. भाराने गाडीची मागची बाजू खाली बसली, की तो मागच्या ब्रेकांना अधिक दाब सोडतो. गाडी रिकामी असता कमी सोडतो. योजना नामी आहे. पण सतत जादा भाराने स्प्रिंगा कायमच्या बसल्या, तर रिकामी गाडीही त्या व्हॉल्व्हला भरलेली वाटते. मग रोजच मागच्या ब्रेकांवर जादा दाब येतो, आणि रिकाम्या गाडीत मागची चाके पुढच्यांच्या आधी जाम होण्याचा धोका उभा राहतो. पुढची चाके जाम झाली तर गाडी वळत नाही, पण सरळ जाते. मागची जाम झाली तर तिची शेपूट पुढे येऊ पाहते आणि ओल्या रस्त्यावर ती गर्रकन फिरते. समोरून मालट्रक येत असताना असे झाले तर काय होईल, हे सांगण्याची गरज नाही.

ब्रेकच्या झिजेकडे केवळ खर्चाची बाब म्हणून पाहता येत नाही ते याचसाठी. न सुटणारा ब्रेक रात्रंदिवस तापतो. ब्रेकचे तेल हवेतली आर्द्रता शोषून घेते. डॉट ३ प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो. पाणी शोषलेल्या त्याच तेलाबाबत १४० अंश एवढाच चालतो. डॉट ४ चे तेच आकडे २३० आणि १५५. ड्रमची उष्णता व्हील सिलिंडरमधल्या जुन्या तेलाला उकळी आणते, तेलात वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जात असल्याने पेडल तळापर्यंत जातो तरी गाडी थांबत नाही. घरातल्या आजाऱ्याला घेऊन रात्री कलबुर्गीकडे निघालेल्या माणसाला पुढे अंधारात बिनदिव्याची उसाची ट्रॉली दिसावी आणि त्याच क्षणी पेडल तळाला जावा! तेल दर दोन वर्षांनी बदलण्याचा सल्ला कारखानदार देतात, तो विक्रीसाठी नव्हे.

चालकाच्या सवयींनाही थोडी जागा दिली पाहिजे. मात्र बहुतेक दुकानांत यांत्रिक दोष सापडला नाही की सर्व खापर चालकावर फुटते, ते न्याय्य नव्हे. पेडलवर पाय टेकवून चालवण्याने चारही ब्रेक झिजतात, केवळ मागचे नाहीत. हँडब्रेक अर्धवट ओढून गाडी हाकणे आणि गाडी थांबण्यापूर्वीच हँडब्रेक ओढणे, या दोन सवयी मात्र थेट मागच्या लायनरांवर उठतात. पावसाळ्यात गाडी अनेक दिवस उभी राहणार असेल, तर सपाट जागी हँडब्रेक न लावता ती गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा. ओला शू ड्रमला गंजाने चिकटून बसण्याचा प्रसंग टळतो.

दोष सापडून नवे लायनर बसवताना ड्रमही पाहावा. त्यात धुळीच्या खड्यांनी चऱ्या पाडल्या असतील तर तो लेथवर साफ करता येतो, पण ड्रमवर कमाल व्यासाचा आकडा कोरलेला असतो. त्यापलीकडे तो कापू नये. मागच्या पत्र्यावरची तपासणीची भोके झाकणारी रबरी बुचे पडून गेली असतील तर नवी घालावीत, नाहीतर राजेश्वरची तांबडी धूळ दुसऱ्याच दिवशी आत शिरेल. स्प्रिंगा सैल पडल्या असतील तर त्याही शूंबरोबर बदलाव्यात; त्यांची किंमत इतर खर्चाच्या मानाने किरकोळ असते. ड्रममधली काळी भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकू नये. जुन्या लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो आणि त्याचे तंतू फुप्फुसात गेले तर ते बाहेर पडत नाहीत. दुकानातला पोऱ्या ही भुकटी रोज श्वासाबरोबर घेत असतो. ओल्या फडक्याने पुसणे हे अधिक शहाणपणाचे. लायनर आणि डिस्क दोन्ही बाजूंनी बदलावेत, एकाच चाकाचे बदलू नयेत. अन्यथा ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढू लागेल.

काम झाल्यावर उस्तादांनी सावकारांना चाक हाताने फिरवून दाखवावे. मग हँडब्रेक ओढून चाक अडते की नाही आणि सोडताच दोन्ही बाजूंनी सारखेच मोकळे होते की नाही, हेही दोघांनी मिळून पाहावे. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोराचे ब्रेक टाळावेत, म्हणजे नव्या लायनरचा पृष्ठभाग ड्रमशी जुळून येतो. हजार किलोमीटर झाल्यावर गाडी परत आणून चाकांची उष्णता एकवार ताडून पाहावी आणि लायनरची जाडी मिलिमीटरमध्ये मोजून किलोमीटरच्या आकड्यासह वहीत लिहून ठेवावी. पुढच्या खेपेला “मागच्या वर्षीच तर नवे टाकले होते” असे सावकार म्हणतील, तेव्हा ती वही उघडता येईल.